आय ट्रॅकरवर प्रयोग सुरू करण्याआधी: डेटाचा दर्जा तपासण्याची तयारी

आय ट्रॅकर म्हणजे माणूस स्क्रीनवर कुठे बघतो हे कॅमेऱ्याने टिपणारं यंत्र. त्याच्या माहितीपत्रकावर अचूकता ०.५ अंश अशी लिहिलेली असते. तो आकडा खोटा नसतो. पण तो बहुधा हनुवटी टेकवून बसलेल्या, चष्मा नसलेल्या, सराव असलेल्या माणसावर, कॅलिब्रेशन (ठरलेल्या बिंदूंकडे बघायला लावून यंत्र त्या डोळ्याशी जुळवून घेणं) झाल्या झाल्या घेतलेला असतो. तुमच्याकडे येणारा माणूस सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला गाडी बदलून आलेला असेल. म्हणून मुख्य प्रयोगाआधी पूर्ण दोन दिवस फक्त यंत्र तपासायला राखून ठेवा आणि तुमच्या खोलीत, तुमच्या माणसांवर काय आकडा मिळतो ते स्वतः मोजा.

पहिल्यांदा टेप घ्या. डोळ्यापासून स्क्रीन ६० सेंटीमीटरवर असेल, तर डोळ्याशी होणारा १ अंशाचा कोन म्हणजे स्क्रीनवर जेमतेम १ सेंटीमीटर. हे माप तोंडपाठ हवं, पुढचा सगळा हिशेब त्यावरच चालतो. मराठी वाचनाचा अभ्यास करणार असाल तर परिच्छेद स्क्रीनवर लावा आणि दोन ओळींमधलं अंतर पट्टीने मोजा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. ओळींत दीड सेंटीमीटर अंतर असेल आणि उभ्या दिशेची चूक १ अंश असेल, तर वाचक पाचवी ओळ वाचत असताना तुमची फाइल सहावी सांगेल. उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघते, पापण्या आड येतात. तेव्हा ओळींचं अंतर आधी चूक मोजून मग ठरवा.

मोजायच्या गोष्टी मुख्यतः दोन, आणि त्यांची गल्लत फार होते. कॅरममध्ये एखाद्याची सोंगटी दर वेळी पॉकेटच्या बोटभर डावीकडेच आदळते: त्याचा हात स्थिर आहे, नेम चुकलेला आहे. नेमाची चूक म्हणजे अचूकता, हाताची थरथर म्हणजे प्रिसिजन. कॅलिब्रेशनला ९ बिंदू वापरलेत तर पडताळणीला, म्हणजे कॅलिब्रेशन नीट बसलं का ते बघायला, वेगळे बिंदू घ्या, कोपऱ्यांतलेही घ्या, आणि प्रत्येकावर सेकंदभर नजर ठेवायला सांगा. बिंदू आणि नोंदलेली नजर यांच्यातलं सरासरी अंतर ही अचूकता. प्रिसिजनसाठी लागोपाठच्या नोंदींमधल्या फरकाचा आरएमएस (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा आणि सोबत स्टँडर्ड डेव्हिएशनही (नोंदी आपल्या सरासरीभोवती किती पसरल्या ते) काढा. दोन्ही काढायचं कारण फिल्टर. सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग, म्हणजे नोंदींतली थरथर पुसणारा फिल्टर, चालू असेल तर आरएमएस एकदम देखणा दिसतो, पण नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन जाते त्या उड्यांचा वेग त्यात दबून जातो. फिल्टर चालू आहे की बंद, हे आधी शोधा आणि लिहून ठेवा.

आता खोली. कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकी पश्चिमेची असेल तर दुपारी चारनंतरचा डेटा वेगळा काढून बघा, म्हणजे जाड पडदे का हवेत ते कळेल. एलईडी ट्यूब चालते, हॅलोजन नको. उजेड सगळ्यांसाठी एकसारखाच ठेवा, कारण बाहुली लहान-मोठी झाली की डोळा जागचा न हलताही यंत्राला नजर सरकल्यासारखी दिसते.

हादऱ्यांकडे मात्र आमचं लक्षच नव्हतं. आमची खोली मध्य रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या आठवड्यात प्रिसिजन मधूनच बिघडायचं आणि आम्ही समोरच्याला पुन्हा पुन्हा ‘डोकं हलवू नका’ सांगत राहिलो. मग हनुवटीच्या स्टँडवर कृत्रिम डोळा घट्ट आवळून बसवला. तो स्वतःहून हलू शकत नाही, तरी फास्ट लोकल गेली की आलेखाची रेघ थरथरायची. इतके दिवस आम्ही माणसांना उगीच टोकत होतो, याचं वाईट वाटलं. टेबल भिंतीच्या कडेला नेलं, खाली रबर आणि वर कडप्प्याची जाड लादी टाकली, तेव्हा रेघ शांत झाली. कृत्रिम डोळा मिळाला तर ही चाचणी नक्की करा. अचूकता मात्र त्यावरून कळत नाही, ती खऱ्या डोळ्यावरच मोजावी लागते.

माणसांच्या तयारीला सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्या तपकिरी डोळ्यांची चिंता नको, इन्फ्रारेडमध्ये तपकिरी बुबुळ उजळ दिसतं आणि काळी बाहुली छान उठून येते. अडचण काजळाची. यंत्र सर्वांत काळा ठिपका म्हणजे बाहुली असं धरून चालतं. एका ताईंच्या डोळ्यांत गडद काजळ आणि पापण्यांना मस्कारा होता. त्या खाली बघू लागल्या की बाहुलीभोवतीची चौकट घसरून पापणीवर जाऊन बसायची, आणि परिच्छेदाच्या शेवटच्या तीन ओळी कोऱ्याच यायच्या. वेळ ठरवायच्या फोनवरच ‘काजळ, मस्कारा लावू नका’ सांगा आणि खोलीत कापूस व खोबरेल तेल ठेवा. चष्मेवाल्यांना वगळू नका. वगळलंत तर आकडे सुधारतील, पण मग तो नमुना मुंबईतल्या वाचकांचा राहणार नाही. काचेवर परावर्तन दिसलं तर कॅमेरा थोडा खाली घ्या. प्रवासातून आलेल्याला पाणी द्या, दहा मिनिटं बसू द्या. जड पापण्या बाहुली झाकतात आणि एसीचा झोत तोंडावर असला तर डोळे कोरडे पडून उघडझाप वाढते.

हरवलेल्या नोंदी मोजताना ही उघडझाप वेगळी धरा. मिनिटाला १५ वेळा, दर वेळी ०.१५ सेकंद धरलं तरी सव्वादोन सेकंद, म्हणजे जवळपास ४ टक्के नोंदी यंत्राचा काही दोष नसताना जातात. त्याच्या वर किती जातात ते बघा. यंत्राच्या नोंदींच्या वेगाचाही असाच हिशेब करा: ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० नोंदी असताना, दोन नोंदींत सुमारे १७ मिलिसेकंद जातात आणि वाचताना नजरेची एक उडी साधारण ३० मिलिसेकंदांची असते. शब्दावर नजर किती वेळ थांबली एवढंच हवं असेल तर तेवढ्यात भागेल, उडीचा वेग हवा असेल तर नाही.

यूपीएस लावा. संमतीपत्र मराठीत ठेवा आणि डोळ्यांचं चित्रण साठवणार असाल तर तसं त्यात स्पष्ट लिहा. किती चुकीला कॅलिब्रेशन पुन्हा करायचं आणि किती डेटा गेला तर ते सत्र बाद धरायचं, हे पहिला माणूस येण्याआधी कागदावर उतरवा. प्रत्येक सत्राच्या शेवटी तीच पडताळणी पुन्हा घ्या, कारण अर्ध्या तासात माणूस खुर्चीत खाली सरकलेला असतो. सुरुवातीला चूक ०.६ अंश आणि शेवटी १.४ अंश आली तर दोन्ही आकडे लिहा, शेजारी अंतर, चष्मा आणि वेळही लिहा. हे होईपर्यंत समोरच्याला उठू देऊ नका. हनुवटी स्टँडवरून निघाली की ती पडताळणी पुन्हा घेता येत नाही.