स्पर्धेची एकांकिका लिहिताना: घड्याळ, काळोख आणि उरलेली बुंदी

महाविद्यालयीन एकांकिका बहुतेक वेळा पडते ती तालमीत नाही, संहितेत. नेपथ्य, दिवे, संगीत या गोष्टी शेवटच्या आठवड्यातही सुधारता येतात. पंचवीस मिनिटांचा ऐवज पन्नास मिनिटांत ताणलेला असेल, तर त्याला मात्र दिग्दर्शक काही करू शकत नाही.

लिहायला बसण्याआधी नियमपत्रिका नीट वाचा. स्पर्धा कोणती, यावर लिखाण ठरतं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरातल्या प्राथमिक फेरीत ५१ महाविद्यालयं उतरतात आणि त्यांतली ९ अंतिम फेरीत जातात. तिथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, त्यामुळे फिरतं घर किंवा धुराची मशीन लावून संहितेतली भोकं बुजत नाहीत. पुण्यातल्याच फिरोदिया करंडक स्पर्धेचं गणित अगदी उलटं. तिथे नाच, गाणं, वादन, चित्रकला असं सगळं एका प्रयोगात गुंफायचं असतं, म्हणून त्या कलांना जागा देणारी गोष्टच निवडावी लागते. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ ही स्पर्धा तर इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांचीच. तिच्यासाठी वेगळं लिहिण्याचा प्रश्न येत नाही, आधी कुठेतरी पहिलं यावं लागतं.

नियमांत तीन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, लेखक विद्यार्थीच हवा की बाहेरचा चालतो. दुसरी, कथेवरून रूपांतर केलं असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी. फोनवर मिळालेलं ‘करा हो’ आयोजकांपुढे कामाला येत नाही. तिसरी, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. त्यासाठी पूर्ण संहिता द्यावी लागते, म्हणून स्पर्धेच्या आठवड्यापर्यंत शेवट बदलत बसणाऱ्या लेखकामुळे अख्खा संघ अडकतो.

विषय नको, पेच हवा

‘शेतकरी आत्महत्या’, ‘सोशल मीडिया’, ‘जात’ हे विषय झाले. यांतल्या कुठल्याच शब्दाला रंगमंचावर उभं करता येत नाही. उभं राहतं ते माणूस, त्याला आज रात्री हवी असलेली एक गोष्ट आणि ती न देणारा दुसरा माणूस.

समजा विषय आहे वडिलोपार्जित घरातला मुलींचा वाटा. त्याचा पेच असा करता येईल: वडिलांच्या तेराव्याची रात्र. पाहुणे गेलेत. उद्या सकाळी अकरा वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आहे आणि दुपारच्या गाडीने ती परत जाणार आहे. घरात दोन भाऊ, एक वहिनी आणि ती. एवढ्यात जागा ठरली, वेळ ठरली, माणसं चार झाली, आणि घड्याळ आपोआप चालू झालं. सकाळ व्हायच्या आत काहीतरी ठरलंच पाहिजे.

पेच कामाचा आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. प्रत्येक पात्राच्या बाजूने दोन मिनिटं भांडून पाहा. थोरला भाऊ नुसता हावरट निघाला, तर एकांकिका दहाव्या मिनिटाला संपली म्हणून समजा. त्याने वडिलांच्या आजारपणाची चार वर्षं काढली असतील, बहिणीच्या लग्नाचं कर्ज आत्ताच फेडलं असेल, तर मग प्रेक्षकाला बाजू घेता येत नाही. तिथून पुढची चाळीस मिनिटं तुमची.

मिनिटांचा हिशेब

वेळमर्यादा स्पर्धेगणिक बदलते. नियमपत्रिकेत जी असेल, त्याहून पाच मिनिटं कमी लिहा. प्राथमिक फेरीत ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणत आलेली पोरं टाळ्या-हशात दोन-तीन मिनिटं सहज खातात. एखादा नट थबकला की आणखी एक जातं.

पंचेचाळीस मिनिटांच्या प्रयोगाला साधारण चार हजार शब्दांची संहिता पुरते. हालचाल जास्त असेल तर त्याहूनही कमी. पानं मोजून वेळ कळत नाही, मोठ्याने वाचून कळते. हातात घड्याळ धरून नटाच्या गतीने वाचा आणि आलेल्या वेळेत पाचवा हिस्सा मिळवा. बसून वाचलेली छत्तीस मिनिटं उभं राहिल्यावर त्रेचाळीसच्या आसपास जातात.

आत काय कुठे यावं? पाचव्या मिनिटापर्यंत कोण, कुठे, कोणाचं काय लागतं हे कळलेलं असावं. आठव्याला पेच उघडा पडावा, म्हणजे आपल्या उदाहरणात तो कागद बाहेर यावा. नवे लेखक कागद विसाव्या मिनिटाला काढतात आणि तोवर पात्रं चहा पीत राहतात. बाविसाव्याच्या सुमारास आधीचं सगळं उलटं करणारी एक माहिती हवी. धाकट्या भावाने स्वतःचा हिस्सा आधीच थोरल्याला लिहून दिलाय, असं काहीतरी. इथे नवं पात्र आणू नका. उलटापालट आत असलेल्या माणसांतूनच व्हायला हवी, नाहीतर ती लेखकाची सोय दिसते. शेवटच्या सात-आठ मिनिटांत नवी माहिती देऊ नका, फक्त निर्णय होऊ द्या.

काळोख

सगळ्यांत मोठं दुखणं हे. मालिका आणि वेबसिरीज पाहून लिहिलेल्या संहितेत बारा-बारा प्रवेश असतात, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये ब्लॅकआऊट. एका ब्लॅकआऊटला, अंधारात खुर्च्या सरकवण्यासकट, वीस सेकंद धरा. दहा झाले की तीन मिनिटांहून जास्त वेळ प्रेक्षक अंधारात खुर्च्यांचा खरखराट ऐकतो. वेळ गेली हे एक वेळ चालेल, पण चढवत आणलेला ताण प्रत्येक वेळी शून्यावर येतो. नटाला पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं.

दोनपेक्षा जास्त ब्लॅकआऊट लिहिले असतील, तर प्रत्येकापाशी थांबून विचारा: मधला वेळ खरंच जायला हवा का? बहुतेकदा पात्राला विंगेत पाठवून परत आणलं की काम भागतं. वहिनी दूध गरम करायला आत गेली, तेवढ्यात दोघे भाऊ बोलले, ती परत आली. स्थळ बदलायचंच असेल तर रंगमंचाचे दोन भाग करा आणि एका बाजूचा उजेड कमी होताना दुसऱ्या बाजूचं वाक्य सुरू करा. फ्लॅशबॅक शक्यतो टाळाच. जे वडील दाखवायचेत, त्यांच्या रिकाम्या आरामखुर्चीत बसायला कोण कचरतं आणि कोण बिनदिक्कत बसतं, एवढ्याने ते दिसतात.

संवाद

‘दादा, तुला माहीतच आहे, आपले बाबा तेरा दिवसांपूर्वी गेले.’ असं कोणी भावाला सांगत नाही. हे वाक्य प्रेक्षकांसाठी आहे, आणि प्रेक्षकांना ते लगेच कळतं. त्याऐवजी वहिनीने नुसतं विचारावं, ‘गोडाची बुंदी उरलीय, डब्यात भरू का तुला? गाडीत होईल.’ तेरावं झालं, नणंद जाणार आहे, आणि ती जावी अशी घाई कोणाला आहे, हे तीनही एका डब्यात आलं.

बोलीभाषा लिहिताना शब्द उसने आणून भागत नाही. प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावलं म्हणजे वऱ्हाडी झाली नाही. ‘काय करून राहिला?’ ही क्रियापदाची मोडणी तोंडात बसायला हवी. मालवणीचंही तेच. संघात ती बोली घरी बोलणारं कोणी नसेल, तर आपल्या गावची मराठी लिहा. परीक्षकांत त्या भागातला एक जण असतोच, आणि त्याचं लक्ष पुढचा तासभर नुसतं चुकांवर राहतं.

वय हाही संवादाचाच भाग आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने केसांना पावडर लावून सत्तरीचं खोकणं हे हमखास हसं होणारं प्रकरण. म्हातारी माणसं आतल्या खोलीत ठेवा, नुसत्या आवाजावर चालवा, किंवा गोष्टच पंचविशीतल्या माणसांची करा. फोनवरचे एकतर्फी संवादही तितकेच घातक. एक फोन चालतो. तीन आले, तर लेखकाला माणूस आत आणायचा कंटाळा आलाय.

रंगसूचना कमी आणि करता येण्याजोग्या हव्यात. ‘त्याच्या डोळ्यांत बालपण तरळतं’ हे शेवटच्या रांगेतून दिसत नाही. ‘सही न करता पेनाचं टोपण लावते’ हे दिसतं. ‘बाहेर पाऊस’ लिहिलात तर तो कधी थांबतो तेही लिहा, नाहीतर ध्वनिसंयोजक तो पंचेचाळीस मिनिटं वाजवतो आणि संवाद त्यात वाहून जातात.

शेवटांपैकी आत्महत्या, वेड लागणं, ‘हे सगळं स्वप्न होतं’, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून दिलेलं भाषण हे चार आधी बाद करा. परीक्षक ते एका दिवसात दोनदा पाहतात.

पहिला खर्डा स्पर्धेच्या आठ आठवडे आधी हवा. त्याचं वाचन नटांकडून करून घ्या, लेखकाने स्वतः वाचू नये, कारण तो न लिहिलेलंही आवाजात भरतो. त्या बैठकीत लेखकाने फक्त समासात खुणा कराव्यात: नट कुठे अडखळला, ऐकणारे कुठे चुळबुळले. दुसऱ्या खर्ड्यात सहसा पहिली तीन पानं जातात. तीन आठवडे उरले की संहिता बंद. त्यानंतरचा बदल एका शब्दाचा असला तरी प्रकाश आणि संगीत चालवणाऱ्यांच्या प्रतीत त्याच दिवशी उतरवा. त्यांचा इशारा ज्या शब्दावर ठरलाय, नेमका तोच कापला गेला, तर दिवा जळतच राहतो.