मोठ्या गिटारिस्टांची शैली उचलताना या चुका टाळा

ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंगची फ्रेझ (सुरांची छोटी ओळ) टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारं लेखन) बघून बसवली, फ्रेट (गिटारच्या नेकवरचे, म्हणजे लांब दांड्यावरचे कप्पे) बरोबर, लयही बरोबर, तरी ती त्याच्यासारखी का वाटत नाही? असं विचारणाऱ्याला मी आधी फक्त एक बेंड (तार बोटाने ढकलून स्वर चढवणं) वाजवायला सांगतो. नव्वद टक्के वेळा उत्तर तिथेच मिळतं, कारण बेंड कणसूर असतो. टॅबमध्ये वर वळलेला बाण असतो आणि त्यावर ‘फुल’ (एक पूर्ण स्वर) लिहिलेलं असतं, म्हणून मुलं तार वर ढकलतात आणि जिथे बोट दुखेल तिथे थांबतात. स्वर कुठे पोचला, हे ऐकतच नाहीत.

माझी सवय सांगतो. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट एक पूर्ण स्वर बेंड करायचा असेल, तर आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवा. पोचायचंय ते तिथेच. तो स्वर तोंडाने गा, मगच बेंड करा. अनामिका तारेवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर, अंगठा नेकच्या वरच्या कडेला टेकलेला, आणि जोर मनगट फिरवून. एकट्या बोटाने रेटू नका. बी. बी. किंगचा व्हायब्रेटो (स्वर हेलकावत ठेवणं) तर बहुतेक तर्जनीवरचा. त्या वेळी अंगठा नेकवरून सुटलेला आणि अख्खा हात हलत असायचा. तार प्रत्येक हेलकाव्याला मूळ स्वरावर परत यायला हवी. नवशिके अर्ध्यातूनच पुन्हा वर जातात आणि सगळी ओळ चढी वाजते. हे सुधारायला आठवडे लागतात. दोन दिवसांत जमवून देणाऱ्या व्हिडिओंवर मला भरवसा नाही.

दुसरी चूक म्हणजे शैलीऐवजी सामान उचलणं. ब्लूज-रॉक गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनचा आवाज हवा म्हणून एक मुलगा ९ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा काढून थेट १३ चा सेट चढवून क्लासला आला. ट्यूनिंग मात्र नेहमीचंच. “सर, गिटार बिघडली बहुतेक,” म्हणाला. गिटार हातात घेतली तर नेक पुढे वाकलेली, ट्रेमोलो ब्रिज (तारा धरणारा हलता भाग) मागून वर उचललेला, आणि जाड तारा नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत न बसता वरच अडकलेल्या. त्यामुळे प्रत्येक बेंडनंतर ट्यूनिंग उतरत होतं. त्याच्या अनामिकेच्या टोकाला खोल लाल वळ होता आणि मनगट दुखत होतं. तरी तो “सवय होईल” म्हणत होता.

सवयीचा प्रश्नच नव्हता. लांबी आणि स्वर तेच ठेवून पहिली तार ९ वरून १३ केली की ताण दुपटीहून थोडा जास्त होतो. वॉन जाड तारा वापरायचा, पण गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. त्यानेच ताण सुमारे ११ टक्के उतरतो. शिवाय त्या मनगटामागे लहानपणापासूनचं वाजवणं होतं. मी त्या मुलाला १० च्या तारा लावायला लावल्या, गिटार अर्धा स्वर उतरवली आणि महिनाभर फक्त उजव्या हाताचं काम दिलं. कारण वॉनचा झटका तिथे आहे: डाव्या हाताने नको त्या तारा दाबून ठेवायच्या आणि पिक सगळ्या तारांवरून मोकळा फिरवायचा. हे फुकट शिकता येतं. तरी लोक आधी दुकान गाठतात, याचा मला खरोखर राग येतो.

जॅझ गिटारिस्ट जॅंगो राइनहार्टच्या बाबतीत तर चूक आणखी विचित्र होते. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी अधू झाली, म्हणून त्याचे सोलो मुख्यतः दोन बोटांवर उभे राहिले. तुमची चारही बोटं धड आहेत, ती वापरा. त्याच्याकडून घ्यायचं ते नेकच्या लांबीने धावणं आणि स्वरांची निवड.

ब्लूज गिटारिस्ट अल्बर्ट किंग डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा आणि पातळ तारा खाली ओढून बेंड करायचा. व्हिडिओ बघून त्याच्या बोटांची दिशा उचलू नका. स्वर उचला.

जॅझवाल्या वेस मॉन्टगोमेरीचे ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत, दोन तारांवर एकदम) अंगठ्याने वाजवता, छान. पण त्या दोन तारांमधली तार तर्जनीच्या पोटाने बंद केली नाही, तर नुसता गोंधळ ऐकू येतो.

आणि रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचं टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटाने नेकवर तार ठोकून स्वर काढणं). पहिल्या महिन्यात सगळ्यांना तेच हवं असतं. डाव्या हाताचं हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ (पिक न मारता बोट तारेवर आपटून किंवा ओढून काढून स्वर वाजवणं) कच्चं असेल तर मी सरळ नाही म्हणतो. ते पक्कं असेल, तर डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) बंद करून क्लीन आवाजात टॅप करा. प्रत्येक स्वर सारख्याच जोराचा आला आणि बाकीच्या तारा गप्प राहिल्या, की मग गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) थोडा थोडा वाढवा.