इंदुरात घर भाड्यानं देताना या चुका टाळा

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वर दोन बिऱ्हाडं भाड्यानं. आजवर बरेच भाडेकरू आले नि गेले. त्यातल्या एकाशीही मोठं भांडण झालं नाही, पण मनस्ताप मात्र जवळजवळ प्रत्येकानं दिला. मागे वळून बघते तेव्हा दिसतं की तो बहुतेक आमच्याच भिडेपोटी झाला. ‘ओळखीतला मुलगा आहे, त्याला कुठे कागद मागायचा’ असं ह्यांचं म्हणणं, आणि मीही मान डोलवायची. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

अकरा महिन्यांच्या कागदावर विसंबणं

नोटरीकडून अकरा महिन्यांचा करार आणला की घर सुरक्षित, अशी आपल्याकडे समजूत आहे. अकरा महिन्यांचं कारण साधं आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो, तो खर्च नि खटाटोप वाचावा म्हणून अकरा. ‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो’ ही भीतीही अशीच ऐकीव. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क झुगारून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे, तुमच्या परवानगीनं राहून भाडं भरणाऱ्यासाठी नाही.

उलट जे कळायला हवं ते कोणी सांगत नाही. मुदत संपली म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर होत नाही. मध्य प्रदेशात १९६१चा स्थान नियंत्रण कायदा आहे, आणि घर रिकामं करून घ्यायला त्यात दिलेलं कारण लागतं: भाडं थकलं, आपल्याला राहायला जागा हवी, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, अशी. थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, मग त्याला दोन महिने मिळतात. विधवा, घटस्फोटित स्त्रिया, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि अपंग मालकांना स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट आहे. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांच्या मालकिणी या यादीत बसतात आणि बहुतेकींना हे ठाऊक नाही.

रागाच्या भरात लाइट कापणं

हे इंदुरात सर्रास चालतं. भाडं आलं नाही की वरच्या मजल्याचा एमसीबी, म्हणजे विजेचा स्विच, खाली पाडायचा किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. तसं करू नका. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला याच १९६१च्या कायद्यात मनाई आहे. तो तक्रार घेऊन गेला की थकबाकीची गोष्ट मागे पडते आणि आरोपी तुम्ही होता. भाडं रोख घेत असाल तर पावती द्या. शक्य असेल तर यूपीआयनं घ्या, म्हणजे कुठला महिना चुकला ते बँकेचा हिशोबच सांगेल.

एकाच मीटरवर दोन घरं

या चुकीनं मला भाडेकरूसमोर मान खाली घालायला लावली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वरच्या मजल्यावर खरगोनची दोन मुलं राहायची. एमपीपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी, दिवसभर भंवरकुआंला क्लास आणि लायब्ररीत. वीज कनेक्शन एकच, आमच्या नावावर. वरचा वापर वेगळा मोजायला वर सब-मीटर लावलेला. मे महिन्यात त्यांचा आकडा एवढा आला की मी म्हटलं, कूलर चालू ठेवून जात असतील. मुलं म्हणाली, “काकू, आम्ही घरी असतोच कुठे?” मला ते नाटक वाटलं. शेवटी एका रविवारी मी जिन्यात उभी राहिले, मोबाइलची बॅटरी मीटरवर धरली, आणि मुलांना वरचा मेन स्विच बंद करायला सांगितलं. पंखे थांबले, फ्रिजची घरघर थांबली, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. मग आमच्या बोरिंगची मोटर बंद केली, तसा दिवा विझला. वायरिंग करणाऱ्यानं मोटरची लाइन सब-मीटरच्या पुढून घेतली होती. म्हणजे आमच्या टाकीचं पाणी ती मुलं चढवत होती! सात महिन्यांचा फरक काढून परत दिला, वर चिवडा-लाडूही दिले.

तुमच्याकडे ही तपासणी नवा भाडेकरू येण्याआधीच करा, पाच मिनिटांचं काम आहे. जिन्याचा दिवा, गेटचा दिवा, मोटर कोणाच्या मीटरवर आहे तेही करारात लिहा.

आणखी एक हिशोब. महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घरगुती ग्राहकाला आपल्या राज्याच्या गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. आमची १२० आणि वरची ११०, एकाच मीटरवर झाली २३०, सवलत गेली. स्वयंपाकघर वेगळं असेल तर वेगळ्या कनेक्शनचा अर्ज करणंच बरं.

ओल दिसली की रंग मारणं

गळती कुठली हे न शोधता पुट्टी आणि रंग म्हणजे पैसे भिंतीवर फासणं. आमचा प्लंबर एक युक्ती सांगून गेला. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करायचं, घरातले सगळे नळ बंद, आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. सकाळी पातळी उतरलेली असेल तर पुरवठ्याचा पाइप गळतोय. जागच्या जागी असेल तर न्हाणीघराच्या फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याची नळी बघा. पहिल्यात पाइप बदलावा लागतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा सांधे पुन्हा भरून भागतं. भाडेकरूनं ओल कळवली तर त्याच आठवड्यात बघा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सळईला गंज चढला की खर्च आपलाच.

डिपॉझिटवरून वाद

किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा, नळांचा, ओट्याचा, गिझरचा व्हिडिओ काढा आणि भाडेकरूच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. नर्मदेचं पाणी कमी पडलं की आपण बोरिंगचं वापरतो. त्या जड पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि ती जळते. हे नुकसान कोणाचं? आमच्या मते मालकाचं, कारण पाणी आम्ही दिलं. फुटलेलं बेसिन भाडेकरूचं. खिळ्यांची भोकं दोघांनी हसून सोडून द्यावीत. पण हे सगळं पहिल्या दिवशी ठरलेलं हवं. सामान टेम्पोत चढत असताना ठरवायला गेलात तर आवाज चढतातच.

सरकारी बाजू विसरणं

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. पोलिसांचा तसा आदेश लागू असताना ती दिली नाही तर गुन्हा मालकावर नोंदवला जातो.

नगर निगमच्या संपत्तिकरात स्वतः राहत असलेल्या घराला पन्नास टक्के सूट असते. वरचा मजला भाड्यानं गेला तरी पूर्ण घर ‘स्वतःच्या वापरात’ असंच दाखवत राहणाऱ्यांना नंतर फरकाची मागणी येऊ शकते. इन्कम टॅक्समध्ये मात्र लपवण्यासारखं काही नाही. भाड्यातून भरलेला संपत्तिकर वजा होतो, उरलेल्यातून तीस टक्के सरसकट, पावत्या न दाखवता.

फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असेल तर एक अडचण आहे. अनिवासी मालकाला भाडं देताना टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आधी कर, कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, रक्कम कितीही असो. मुलाच्या वतीनं भाडं आई-वडिलांच्या खात्यात घेऊन हा प्रश्न सुटत नाही. भाडेकरूला हे आधीच सांगा, नाहीतर नोटीस त्याला येईल आणि तो तुमच्या दारात उभा राहील.

किल्ल्या

किती दिल्या ते लिहून ठेवा आणि परत घेताना मोजा. आम्ही दोन दिल्या होत्या, तीन परत आल्या. तिसरी कोणी कधी करून घेतली, आणि चौथी आहे का, हे विचारत बसले नाही. संध्याकाळी कुलूपच बदललं.