सरकारी जमीन पाहिजे असेल तर आधी सातबारा काढा

गावाकडं सरकारी जमिनीचा विषय निघाला की दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे "ई-क्लास (सरकारी चराईची जमीन) पडून आहे, वाहून टाक, चार-पाच वर्षांत नावावर होते" आणि दुसरा "अमका माणूस स्टँपवर करून देतो, स्वस्तात आहे". राजेहो, या दोन्ही सल्ल्यांपायी आपल्याकडं कित्येक घरांचे पैसे बुडले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सरकारी जमीन रीतसर मिळते, भाडेपट्ट्यानं मिळते, कधी कब्जेहक्कानंही (म्हणजे भाड्यानं नाही, कायम धारण करायला) मिळते, पण तिच्यावर सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश पाहिजे. आदेश नाही तर तुमच्या हातात काहीच नाही, मग पेरणी किती का वर्षं केली असेना.

पहिलं काम म्हणजे गट नंबर घेऊन महाभूलेखवर जा आणि सातबारा काढा. नुसता पाहायला फुकट आहे, डिजिटल सहीचा पाहिजे तर १५ रुपये लागतात, तोच काढा कारण पुढं अर्जाला तोच चालतो. वर भू-धारणा पद्धती लिहिलेली असते ती बघा, वर्ग-१ (विकायला मोकळी) आहे का वर्ग-२ (परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का सरकार आहे. मग भोगवटादाराचं नाव आणि त्यानंतर इतर अधिकाराचा रकाना, हा रकाना लोक वाचतच नाहीत आणि खरी गोम तिथंच असते. गुरचरण, झुडपी जंगल, वन, "हस्तांतरणास बंदी" असं काही त्यात दिसलं की तिथंच थांबा आणि पटवाऱ्याकडं जा (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालं पण गावात पटवारीच म्हणतात). त्याच्याकडं गाव नमुना १ चे पोटनमुने असतात. १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी, १-क मध्ये वर्ग-२ नं दिलेल्या आणि १-ई मध्ये अतिक्रमणं. तुमच्या गावात मागण्यासारखी जमीन आहे का नाही हे १-ब बघितल्यावरच कळतं. दाखवायला टाळाटाळ झाली तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि नक्कल मागा.

आता कोणती जमीन मागून उपयोग नाही ते. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिमकडं ज्याला ई-क्लास म्हणतात ती बहुतेक ढोरांच्या चराईची जमीन, म्हणजे गायरान आहे. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सांगितलं, त्याच वर्षी राज्य सरकारनंही जीआर काढला, आणि पुढं जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आलं, त्यामुळं गायरान खाजगी माणसाच्या वापरासाठी मिळत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं झुडपी जंगलाचा घोळ आहे. जागेवर एक झाड नसलं, नुसती तरोट्याची झुडपं असली तरी ती वनजमीनच, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हे पक्कं झालं, १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना एक वेळची सवलत आहे पण नवीन पट्टा पाहिजे म्हणून अर्ज कराल तर कागदच खराब होतील.

स्टँपवरच्या व्यवहाराचं तर अजिबात ऐकू नका. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून ताबापावती लिहून देतात, खाली दोन साक्षीदार, त्यातला एखादा गावचा पुढारी, बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण जमीन ज्याच्या नावावरच नाही त्यानं ती विकली कशी? ती जमीन महसूल संहितेच्या कलम ५० नुसार, म्हणजे अतिक्रमण म्हणून, कधीही रिकामी करून घेतली जाऊ शकते आणि तुमचे पैसे बुडतात. तीच गोष्ट वर्ग-२ ची, सरकारनं एखाद्या भूमिहीनाला दिलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर शर्तभंग धरून जमीन सरकारजमा होऊ शकते. भूदानाची जमीन आपल्या विदर्भात बरीच आहे, तीही विकत घेता येत नाही.

मग रीतसर कशी मागायची? १९७१ च्या सरकारी जमिनीच्या विल्हेवाटीच्या नियमांखाली अर्ज करायचा, कलेक्टरच्या नावानं, पण तहसीलमध्ये द्यायचा आणि आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही. सोबत सातबारा, नकाशा, भूमिहीन असल्याचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासी, असेल तर जातीचा दाखला आणि ग्रामसभेचा ठराव. शेतीसाठी वाटपात भूमिहीन, माजी सैनिक, मागासवर्गीय यांना प्राधान्य असतं, ज्याच्याकडं आधीच पंधरा एकर वावर आहे त्यानं वेळ घालवू नये. अर्ज खाली चौकशीला येतो, पटवारी जागेवर येऊन पंचनामा करतो, मंडळ अधिकारी अहवाल देतो, जाहीरनामा निघतो, हरकती येतात, मग एसडीओ (उपविभागीय अधिकारी) आणि वर कलेक्टर. यात पंचनाम्याचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, त्या दिवशी दुसरं काहीही काम असलं तरी स्वतः हजर राहा, धुऱ्याच्या चारही बाजूचे शेतकरी सोबत घेऊन जा. जागेवर झाडं किती, पाण्याचा ओघ कुठून, पायवाट आहे का, ढोरं चरतात का, हे सगळं त्यात लिहिलं जातं आणि वरचे साहेब जागेवर येत नाहीत, ते हा कागदच वाचतात. सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या. मोजणी लागली तर भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्या.

ज्यांना फक्त हंगामापुरती जमीन पाहिजे त्यांच्यासाठी माझं स्पष्ट मत आहे की गाळपेर बघा. धरणाचं पाणी हिवाळ्यात मागं हटलं की बुडीत क्षेत्रातली गाळाची जमीन उघडी पडते, ती पाटबंधारे विभाग एकसाली भाडेपट्ट्यानं देतो. गाळ असतो, ओल असते, हरभरा, टरबूज, चारा मका मस्त येतो. ज्यांची वावरं त्या धरणात गेली त्यांना पहिला हक्क, मग स्थानिक भूमिहीन वगैरे. पावसाळा संपत आला की धरणाच्या शाखा कार्यालयात चकरा सुरू करा, नोटीस बोर्डावर लागते आणि ग्रामपंचायतीत येते, पण ती कोणी वाचायच्या आतच मुदत संपते असं बऱ्याच गावात होतं. अटी सोप्या आहेत, विहीर खोदायची नाही, पक्कं बांधकाम नाही, जमीन दुसऱ्याला द्यायची नाही, आणि पाणी चढून पीक बुडालं तर भरपाई मागता येत नाही. ही शेवटची अट नीट डोक्यात ठेवून पीक निवडा, लवकर निघणारं घ्या.

अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध भूमिहीन कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना आहेच, सरकार खाजगी जमीन विकत घेऊन ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देते, २०१८ पासून १०० टक्के अनुदानावर. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहाय्यक आयुक्तांकडं. अडचण एकच की ठरलेल्या दरात जमीन विकणारा भेटत नाही, म्हणून विकणारा शेतकरी तुम्हीच शोधून सोबत नेला तर काम लवकर पुढं सरकतं. जंगलातली जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर वनहक्क कायद्याचा दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं टाका, तो रस्ता वेगळा आहे, आणि आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो.

ज्यांचं आधीच अतिक्रमण आहे त्यांनी १-ई मध्ये आपली नोंद कोणत्या सालची आहे ते आधी तपासा. भूमिहीनांचं शेतीचं अतिक्रमण नियमित करून मिळायला ते १४ एप्रिल १९९० च्या आधीचं लागतं, राहत्या घराचं १ जानेवारी २०११ च्या आधीचं. जुन्या दंडाच्या पावत्या, मतदार यादी, घरटॅक्स, लाइट बिल जे असेल ते फाईलला लावा. आणि घरात कोणाला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल तर हे अतिक्रमण आधी निकाली काढा, यावरून निवडून आलेल्या मेंबरचं पद जातं.

पट्टा मिळाला की भाडं ग्रासच्या (सरकारी पैसे भरायच्या पोर्टलच्या) ऑनलाइन चलानानंच भरा, कोणाच्या हातात रोख देऊ नका, आणि आदेशातली मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज पोच घेऊन देऊन ठेवा, कारण मुदत संपल्यावर तुमचाही ताबा अतिक्रमणच धरला जातो.