लोणारच्या विवरात उतरायचं असेल तर

उजाडताच निघा. मी पाहुण्यांना नेहमी धारेकडून, म्हणजे गोमुखाच्या झऱ्याकडून खाली नेते. गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं, तिथंच बाटल्या भरून घ्या, कारण विवरातल्या तळ्याचं पाणी पिण्याजोगं नाही. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं हे विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि पाणी खारट, शिवाय अतिशय अल्कधर्मी.

ते पाहायचंय? घरून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद आणा. काठावर त्याला तळ्याचे दोन थेंब लावा, पिवळा कागद लालसर होतो. मुलं हे कधीच विसरत नाहीत. 2020च्या जूनमध्ये तळंच गुलाबी झालं होतं, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

झाडीत शिरलात की बोलणं बंद. मोर आधी ऐकू येतो, मग दिसतो. कमळजादेवीच्या देवळाकडे जायचं तर आधी पाण्याची पातळी विचारा, पाणी चढलं की काठची वाट बुडते. चिखलात पाय घालू नका. पोहायचं तर नाहीच. हे अभयारण्य आहे, एकही दगड उचलू नका, कितीही वेगळा दिसला तरी. चढण उन्हात जीव काढते, म्हणून दहाच्या आत वर या आणि मग गावातलं दैत्यसूदन मंदिर निवांत बघा.