‘स्लीप ३०’ काढा, सिस्टमडीला क्रम नीट सांगा

लिनक्स सर्व्हर बूट झाला की तुमची सर्व्हिस ‘फेल्ड’ दिसते, आणि हाताने स्टार्ट केली की मुकाट चालते. बहुतेकदा तिला लागणारं दुसरं काही, उदाहरणार्थ डेटाबेस, तोवर उठलेलं नसतं. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतो, स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’, म्हणजे तीस सेकंद थांबायची आज्ञा, टाक. टाकू नका. एरवी ते तीस सेकंद फुकट जातात, आणि डिस्कची तपासणी निघाली त्या दिवशी नेमके कमी पडतात.

बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करण्याचं काम सिस्टमडी करतं, आणि प्रत्येक सर्व्हिसच्या सूचना तिच्या युनिट फाइलमध्ये असतात. मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही आज्ञा वापरा, ती बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवते.

आता खरी गोम. युनिटमधली ‘रिक्वायर्स’ ही ओळ सांगते काय लागतं, ‘आफ्टर’ सांगते कुणाच्या मागून सुरू व्हायचं. सिस्टमडीला या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मी कितीतरी दिवस नुसतं ‘रिक्वायर्स डेटाबेस’ लिहून निर्धास्त होतो. डेटाबेस चटकन उठायचा, त्यामुळे चूक झाकली जायची. एका रात्री वीज गेली, डेटाबेस रिकव्हरीत रेंगाळला, आणि सकाळी ॲप आडवं. नुसत्या ‘रिक्वायर्स’वर दोघं एकदमच सुटतात! उलट नुसतं ‘आफ्टर’ असेल आणि डेटाबेसला कुणी बोलावलंच नसेल, तर ॲप त्याच्याविना खुशाल सुरू होतं. दोन्ही ओळी लिहा. बंद होताना हाच क्रम आपोआप उलटा होतो.

‘रिक्वायर्स’ कडक आहे, हेही लक्षात ठेवा: डेटाबेस तुम्ही थांबवलात की ॲपही थांबतं. ॲपला पुन्हा जोडणी करता येत असेल तर मी त्याऐवजी ‘वॉन्ट्स’ ही सौम्य ओळच लावतो.

एवढं करूनही फसगत होते ती ‘टाइप’मुळे, म्हणजे सर्व्हिस ‘सुरू झाली’ असं कधी मानायचं ते ठरवणाऱ्या ओळीमुळे. डेटाबेसच्या युनिटमध्ये ‘सिंपल’ असेल तर प्रोसेस सुटली की सिस्टमडीच्या लेखी काम झालं. पोर्ट उघडलं का, हे ते बघत नाही. प्रोग्राम स्वतः ‘तयार आहे’ असं कळवत असेल तरच ‘नोटिफाय’ लावा. कळवत नसताना लावलंत तर सिस्टमडी वाट बघून टाइमआउटला त्याला मारून टाकेल. मग ॲपच्या बाजूने ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’ला ५ द्या, म्हणजे ॲप कोसळलं तर पाच सेकंदांनी पुन्हा सुरू होईल. हा आकडा विसरलात तर १०० मिलिसेकंदांच्या अंतराने पाच प्रयत्न होतात आणि सिस्टमडी नाद सोडतं.

नेटवर्क लागत असेल तर ‘नेटवर्क टार्गेट’ हा बूटचा टप्पा पुरत नाही. आयपी मिळाला याची ते हमी देत नाही. ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ घ्या, तेही ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्हींत.

युनिट फाइलमधल्या चुका तपासायला ‘सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय’ चालवा. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदींत, ‘ऑर्डरिंग सायकल’ (युनिट एकमेकांचीच वाट बघतायत असं वर्तुळ) दिसलं तर लगेच सोडवा, कारण ते वर्तुळ तोडायला सिस्टमडी एखादं काम परस्पर गाळतं; कुठलं, ते तुम्हाला विचारत नाही.

शेवटी अख्खं मशीन रीबूट करा. एकट्या सर्व्हिसच्या रीस्टार्टमध्ये बूटच्या वेळची चेंगराचेंगरी कधीच दिसत नाही.