पुढचं चाक वेगळं, मागचं वेगळं: पण माप लावून

मोटारसायकलला पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं लावण्यात गैर काही नाही. रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ कंपनीतूनच पुढे २१ आणि मागे १७ इंच घेऊन यायची. पण तिथे हँडलच्या दांड्याचा तिरपेपणा त्या चाकांसाठी ठरवलेला असायचा. आपण तो बदलत नाही, फक्त चाक बदलतो, आणि घोळ तिथेच होतो.

आधी आरसी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपासून वेगळ्या फेरबदलांना मुभा देत नाही. तेव्हा मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

आता खरा मुद्दा, चाकाची उंची. रिमचा इंच बघून चाक घेऊ नका, टायरसकट उंची काढा. टायरची रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक इंच गुणिले २५.४. माझ्या जुन्या रॉयल एनफील्ड क्लासिकला पुढे ९०/९०-१९ होतं (रुंदी ९० मिलिमीटर, टक्केवारी ९०, रिम १९ इंच), म्हणजे उंची ६४५ मिलिमीटर. रुबाबासाठी मी ११०/८०-१७ बसवलं, ते भरलं ६०८. फिटर म्हणाला, "व्हई जाई भाऊ!" झालंही. चाक बसलं, फिरलं, गाडी दिसलीही झकास.

पण पुढच्या चाकाची आस (अ‍ॅक्सल) १८ मिलिमीटर खाली आली, हँडलचा दांडा उभट झाला आणि ट्रेल घटला. हँडलच्या दांड्याची रेष खाली ओढली की ती टायर टेकतो त्याच्या पुढे रस्त्याला लागते. मधलं अंतर म्हणजे ट्रेल, आणि गाडी सरळ राहते ती त्याच्या जोरावर. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना हँडल असं हलकं झालं की वळणात माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिवाय स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावर, त्यामुळे खरे ६० असताना काटा ६४ च्या जवळ. साइड स्टँडवर गाडी इतकी उभी राहायची की पंपावर धक्क्यानेच आडवी होणार होती.

म्हणून माझा हट्ट असा: नवी उंची जुनीपेक्षा १०-१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू देऊ नका. दुकानदार "सगळे लावतात" म्हणाला तर त्याला बसवून घाटात न्या.

रिमची रुंदीही टायरला जुळली पाहिजे. ९०/९० ला २.१५ इंच, १२०/८० ला २.७५ इंच चालते. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की तो फुग्यासारखा गोल होतो आणि वळणात डगमगतो.

बेअरिंगचं भोक, स्पेसर, डिस्कचे बोल्ट, चेनची रेष: एकदा तपासा. आरे असतील तर आठवड्याने परत ताणून घ्या. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला.

शेवटी मडगार्ड. टायर आणि मडगार्डमध्ये बोट सहज जावं एवढी जागा ठेवा, शेतावर जाणाऱ्यांनी दोन बोटं. पावसाळ्यात आपली काळी माती त्या फटीत अशी ठासते की चाक फिरतच नाही, आणि मग काडीने उकरत बांधावर बसावं लागतं.